पहिल्या बरणीतलं गॅलॅक्टोज

माझ्या स्वभावात थांबणं नाही. आई म्हणायची, ही जन्माला आली तीसुद्धा तारखेच्या तीन आठवडे आधी, कुणी बोलावलेलं नसताना. गॅसवर दूध ठेवलं तर उकळी येईपर्यंत मी ओट्यापाशी टिकत नसे, आणि उतू गेलं की दोष दुधाला देत असे. जेवताना पाय हलता, पेपर वाचायचा तर शेवटच्या पानापासून. पीएच.डी.साठी मी यीस्ट निवडलं त्यात विज्ञानाचं प्रेम होतंच, पण हा स्वभाव त्याहून जास्त होता. उंदरांवर काम करणाऱ्या मैत्रिणी पिल्लं मोठी होण्याची वाट बघत महिने काढायच्या. यीस्ट दीड-दोन तासांत दुप्पट होतं. मला वाटलं, हा जीव आपल्याला परवडेल.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. आम्ही वसईत राहायचो, गिरीजच्या वाड्या संपून इमारती सुरू होतात तिथे, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून केळी दिसायच्या आणि पुढच्या खिडकीतून पाण्याचे टँकर. मुंबईतल्या प्रयोगशाळेत माझं पाचवं वर्ष चालू होतं. फेलोशिपचे सहा महिने उरले होते आणि प्रबंधात मांडावं असं माझ्या हाती काही नव्हतं. मला झोप लागायची, पण स्वप्नातसुद्धा मी कुठेतरी उशिरा पोचत असे.

मी नेमकं काय करते हे आईने एकदा विचारलं. खाली टँकर आला होता आणि आम्ही दोघी नळाला पाणी चढायची वाट बघत बादल्या लावून उभ्या होतो, म्हणून मी टँकरवरूनच सांगितलं. यीस्टच्या पेशीत गॅलॅक्टोज नावाची साखर पचवणारी काही जनुकं असतात. एरवी ती बंद असतात. त्यांच्या दाराशी एक प्रथिन कायम बसलेलं असतं, आम्ही त्याला गॅल-फोर म्हणायचो, आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून दुसरं एक प्रथिन. गॅलॅक्टोज आलं की तो हात बाजूला होतो. पण गॅल-फोरने नुसती हाक मारून जनुक चालू होत नाही. डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा घट्ट गुंडाळलेला असतो. तो सैल करायचा, नक्कल उतरवणारं यंत्र आणून नेमक्या जागी बसवायचं, यासाठी वीस-वीस प्रथिनांचे जमाव लागतात.

"आता खाली बघ," मी आईला म्हटलं. वॉचमन टाकीचं झाकण उघडून उभा होता. सेक्रेटरी किल्ली शोधत होते. तळमजल्यावरचे एक काका पंपाच्या बटणापाशी होते, कोणी व्हॉल्व्ह फिरवत होतं, आणि दहा-बारा माणसं कमरेवर हात ठेवून सूचना देत होती. "यातला एकेक माणूस गावाला पाठवायचा आणि बघायचं, कोण नसलं तर पाणी चढत नाही. मी तेच करते. जमावातलं एक प्रथिन यीस्टमधून काढून टाकलंय. आता जनुक चालू होतं का ते बघायचं. नाही झालं, तर ते प्रथिन महत्त्वाचं आणि माझा प्रबंध झाला."

आईने खाली बघत विचारलं, "आणि तुझा माणूस तो नुसता सूचना देणाऱ्यांतला निघाला तर?"

"तर माझी पाच वर्षं पाण्यात."

"इथे पाणीच नाहीये," आई म्हणाली आणि बादली सरकवली.

प्रयोग साधा होता. मूळ यीस्ट एका फ्लास्कमध्ये, प्रथिन काढलेलं म्हणजे म्यूटंट दुसऱ्यात. दोन्ही वाढवायची, त्यात गॅलॅक्टोज घालायचं आणि तासातासाने थोडं थोडं काढून चार तास मोजायचं. जनुक चालू झालं असेल तर यीस्टमध्ये एक एन्झाइम तयार झालेलं असतं. पेशी फोडून त्यात एक रंगहीन रसायन घातलं की नळीतलं पाणी पिवळं होतं, हळद कालवल्यासारखं. मूळ यीस्टचे प्रयोग मी म्यूटंट तयार होण्याच्या आधीच तीनदा करून ठेवले होते. तिन्ही वेळा चौथ्या तासाला नळी हळदीची झाली होती. आईला हे कळल्यावर तिने संधी सोडली नाही. "नळ्या पिवळ्या करत बस. तुझे हात कधी पिवळे व्हायचे?"

म्यूटंट हाती आला तेव्हा प्रयोगशाळेतली गॅलॅक्टोजची बाटली संपली. ती परदेशातून यायची आणि मागणी नोंदवल्यापासून अडीच-तीन महिने लागायचे. माझ्याकडे सहा महिने होते, त्यातले तीन नुसते बाटलीची वाट बघण्यात घालवायचे या विचारानेच माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन मी आदळआपट केली. बाबा जेवत होते. ते शांतपणे म्हणाले, "गॅलॅक्टोज ना? आमच्याकडे येतं की."

बाबा वालीवला एका लहान कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे काही बनत नसे. रसायनांचे पंचवीस-पंचवीस किलोचे ड्रम यायचे, ती चाळून अर्ध्या किलोच्या बरण्यांत भरायची, लेबल लावायचं आणि कॉलेजांना, प्रयोगशाळांना पाठवायचं. शेजारी एकीकडे स्टीलचे डबे ठोकणारे आणि दुसरीकडे खेळण्यांची चाकं ओतणारे, आणि मध्ये बाबांचं ते पांढरं, भुकटीने माखलेलं जग. सर्वात जास्त खपायचं डेक्स्ट्रोज, म्हणजेच ग्लुकोज. गॅलॅक्टोज वर्षातून एखादा ड्रम. घरात बाबांच्या कामाबद्दल फारसं बोललं जात नसे. मी प्रयोगशाळेत जाऊ लागल्यापासून ते मला अधूनमधून विचारायचे, तुमच्याकडे आमच्या लेबलच्या बरण्या दिसतात का. दिसत नसत, आणि मी तसं सांगतही असे. कधी कधी वाटतं, एकदा तरी दिसली म्हणून सांगायला काय झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी बरणी आणली. लेबलवर तारीख आणि लॉट त्यांच्याच अक्षरात होता. "ड्रम फोडला आणि पहिली बरणी बाजूला काढली. गिऱ्हाईक मागाहून." गिरीजच्या वाडीतली माणसं केळीचा पहिला घड देवाला देतात, तशा थाटात त्यांनी ती टेबलावर ठेवली. आईने हळूच हात जोडल्यासारखं केलं आणि आम्ही तिघं हसलो.

प्रयोग मी दुसऱ्याच दिवशी लावला. आणि इथेच मी ती चूक केली. आमच्या मॅडमचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा एक नियम होता: जोडीदार शेजारी बसवायचा. म्हणजे म्यूटंट लावशील त्याच दिवशी, त्याच साखरेत, त्याच पाण्यात मूळ यीस्टही लाव, मगच तुलना कर. नवीन मुलीलाही पहिल्या दिवशी हे ऐकवलं जायचं. मला हे पाठ होतं. पण मूळ यीस्ट मी तीनदा केलं होतं, आकडे वहीत होते, चौथ्यांदा तेच काय करायचं! त्या दिवशी मी फक्त म्यूटंट लावला.

चार तासांनी नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. एक थेंब पिवळा नाही.

मी ते आणखी दोनदा केलं. स्वच्छ. मग संगणकावर आलेख काढला: वर चढत जाणारी मूळ यीस्टची जुनी रेघ आणि तळाशी सपाट पडलेली म्यूटंटची नवी. दोन वेगळ्या महिन्यांतल्या, दोन वेगळ्या बाटल्यांमधल्या दोन रेघा मी एकाच चौकटीत बसवल्या आणि मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "किती वेळा केलंस?"

"तीनदा."

ते खरं होतं. दोन्ही यीस्ट एकाच दिवशी लावलीस का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. पाच वर्षांत मॅडम पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "चल, चहा पाजते." चहा पिता पिता त्यांनी शोधनिबंधाचा मसुदा बोलायला सुरुवात केली. हे एक प्रथिन नसेल तर अख्खा जमाव येऊनही जनुक चालू होत नाही. पंधरा दिवसांत पाठवून टाकू, त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी घरी येताना आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि बाबांना सांगितलं, तुमच्या बरणीने काम फत्ते केलं. बाबांनी ते सोसायटीत किती जणांना सांगितलं ते मला मागाहून कळलं. वॉचमनसुद्धा मला म्हणाला, "ताई, साहेबांची पावडर लै कामाला आली म्हणतात."

आणि मग ती फ्लास्क. एका संध्याकाळी मी निघण्याच्या घाईत म्यूटंटची, बरणीतलं गॅलॅक्टोज घातलेली एक फ्लास्क शेकरवर तशीच विसरले. सकाळी ती गडूळ होऊन हलतच होती. फेकून द्यायची, तर आधी यीस्ट मारायला ब्लीच आणायला जायला हवं होतं आणि ब्लीच दुसऱ्या मजल्यावर. माझे हात शिवशिवत होते. ब्लीच येईपर्यंत काय करायचं म्हणून मी त्यातलं थोडं काढून पेशी फोडल्या आणि ते रसायन घातलं.

नळी पिवळी झाली. हळदीसारखी, जर्द.

मॅडमना सांगितलं तर त्या उलट जास्त खूश झाल्या. "म्हणजे जनुक चालू होतं, पण उशिरा! हे प्रथिन वेग ठरवतं. हे तर आणखी सुंदर आहे." मला सुंदर वाटेना. उशीर करणारी दुसरी एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती यीस्टवर काम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. यीस्टला ग्लुकोज मिळालं की ते बाकी कशाकडे ढुंकून बघत नाही. ताटात लाडू असताना पोरगं भाकरीला हात लावत नाही, तसं. जराशा ग्लुकोजनेही गॅलॅक्टोजची सगळी जनुकं गप्प बसतात. ते ग्लुकोज खाऊन संपलं की मग हळूहळू जागी होतात. चार तासांत नाही, पण सकाळपर्यंत नक्की.

दोन दिवस मी हा विचार झटकत राहिले. वसईतून निघताना, कामावर, जेवताना, तो कुठेच पाठ सोडीना. शेवटी बरणीतली थोडी भुकटी एका रिकाम्या फिल्मच्या डबीत भरली, दुसऱ्या डबीत जुन्या परदेशी बाटलीचा तळ खरवडून घेतला आणि रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. प्रयोगशाळेत हे तपासता आलं असतं, पण तिथे कोणीतरी विचारलं असतं. आईला साखरेचा आजार होता. सकाळी लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली ती कपाटात ठेवायची. ती पट्टी फक्त ग्लुकोजला ओळखते, गॅलॅक्टोजला ओळखत नाही. मी एक पट्टी जुन्या बाटलीच्या पाण्यात बुडवली. निळसर होती, निळसरच राहिली. दुसरी बाबांच्या बरणीच्या पाण्यात बुडवली. ती आधी हिरवी झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत तपकिरी होत गेली.

बाबा पाणी प्यायला आत आले. पट्टी बघून थबकले. "आईची शुगर वाढली?"

"आईची नाही. तुमच्या बरणीची."

त्यांना लगेच कळलं. ते म्हणाले, "ड्रमवर रिपोर्ट असतो. मी वाचलाय. माल चोख आहे."

"ड्रममध्ये असेल चोख. बरणीत नाही. यात ग्लुकोज आहे, आणि असल्या साखरेत चार तास काय, आठ तास ठेवलं तरी नळी पिवळी होत नाही." आणि मग जे बोलायला नको ते बोलले. "तुमच्याकडे साधी भांडी धुवायची पद्धत नाही का? माझी पाच वर्षं आहेत त्यात!"

बाबांनी ग्लास तसाच ठेवला आणि चपला घालून बाहेर गेले. आई म्हणाली, "झालं समाधान?" मला लाज वाटत होती, कारण खरं काय ते मला माहीत होतं. बाबांच्या बरणीत काहीही असतं, मातीसुद्धा असती, तरी मूळ यीस्ट त्याच दिवशी शेजारी लावलं असतं तर तेही गप्प बसलं असतं आणि मला पहिल्याच दिवशी समजलं असतं. बाबांची चूक साखरेची होती. लबाडी माझी होती.

तीन दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. जेवायला बसायचे, दोन घास खाऊन उठायचे. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "चाळणी."

"काय?"

"आदल्या दिवशी डेक्स्ट्रोज काढलं होतं. चाळणी आणि खालची नरसाळी ब्रशने झाडली होती, धुतली नव्हती. आपली ही हवा, धुतलं की वाळत नाही, ओल राहिली की भुकटीचे गोळे होतात. म्हणून मीच सांगून ठेवलंय, कोरड्यानेच साफ करायचं." त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "जाळीत अडकलेलं डेक्स्ट्रोज सगळं पहिल्या बरणीत उतरलं. दुसरी-तिसरी झाल्यावर माल साफ येत गेला. गिऱ्हाइकांना चांगला गेला."

त्यांनी वस्तरा पुन्हा उचलला. पहिली बरणी बाजूला काढताना ते किती खूश झाले असतील, ते मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

रविवारी ते मला वालीवला घेऊन गेले. ऑक्टोबरचं ऊन, बंद शटर, कुठेतरी एकच लेथ चालू असल्याचा आवाज. कारखान्यात चाळणीचं काम करणारी एक बाई होती, खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून यायची, बाबांनी तिलाही बोलावलं होतं. बाबांनी चाळणी उचलून पाण्याच्या पिंपाकडे नेली तशी ती ओरडलीच. "साहेब, चालनीला पानी लावू नका! तुमीच सांगलंय ना, पावडर धरते म्हनून?"

"मीच सांगितलं," बाबा म्हणाले. "आज मीच धुतो."

त्यांनी बाही वर करून चाळणी आणि नरसाळी स्वतः घासली, तीन पाण्यांनी धुतली, मग पत्र्यावर उन्हात ठेवली. वाळायला दोन तास लागणार होते. ती दोन तास थांबायची शिक्षा मी आयुष्यात विसरणार नाही. मी त्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चालले कोण जाणे. बाबा मात्र चाळणीशेजारी उकिडवे बसून होते, मधून मधून जाळी उलटी करत. बाई त्यांना विचारत होती, एवढं सगळं कशाला. बाबा म्हणाले, "हिच्या यीस्टला खाऊ पाहिजे. त्यात दुसरी साखर जराही चालत नाही."

"अगो बाय! येवडा पारखी? आमच्याकडं मुंग्या पन येवडं बगत नाय," ती म्हणाली आणि मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

वाळल्यावर बाबांनी ड्रम उघडला. पहिल्या पाच बरण्या भरून बाजूला ठेवल्या, त्यांच्यावर फुली मारली. सहावी मला दिली. मी खिशातून पट्टी काढून तिथेच तपासली. निळसरच राहिली. बाबांनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

रिक्षात ते म्हणाले, "आता पिवळी होईल ना नळी?"

"होईल."

माझ्या मनात काय चाललं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना इतकंच ठाऊक होतं की या वेळी दोन नळ्या असतील आणि पिवळी नळी चांगली. मला मात्र एक नळी पिवळी हवी होती आणि एक स्वच्छ. मूळ यीस्ट पिवळं व्हावं आणि म्यूटंट या चोख साखरेतही गप्प बसावा. तसं झालं तर बरणीची भानगड कोणाला सांगायचीही गरज नव्हती. आलेखातल्या रेघा बदलायच्या, आकडे नवे घालायचे, मसुदा तसाच जाईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी त्या काडीला दोन दिवस अक्षरशः धरून होते. कामाला जाताना मनात नवस बोलले, आणि मी नवस बोलणाऱ्यांतली नाही.

मंगळवारी सकाळी मी दोन्ही फ्लास्क शेजारी शेजारी लावल्या. एकाच बरणीतून, एकाच चमच्याने. पहिल्या तासाला दोन्ही नळ्या स्वच्छ. दुसऱ्या तासाला मूळ यीस्टची नळी किंचित पिवळसर. म्यूटंटची? मी ती खिडकीशी नेली, पांढऱ्या कागदासमोर धरली, डोळे चोळले. किंचित पिवळसर. तिसऱ्या तासाला मला कागद लागला नाही. चौथ्या तासाला दोन नळ्या स्टँडमध्ये होत्या आणि कोणती कुठली हे सांगायला झाकणावरची खूण बघावी लागत होती.

मी त्या दोन नळ्यांसमोर बसून राहिले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला उठावंसं वाटलं नाही. मी काढून टाकलेलं ते प्रथिन जमावात नुसतं उभं असणार. ते असलं काय नि नसलं काय, गॅल-फोरने हाक मारली की बाकीचे येत होते, दोरा सैल होत होता, जनुक चालू होत होतं. यीस्ट आपलं काम चोख करत होतं. मी पाच वर्षं एका सूचना देणाऱ्याच्या मागे घालवली होती.

मग उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले. बसले नाही, उभ्याने सगळं सांगितलं: दोन बाटल्या, जुनी रेघ, नवी रेघ, वालीवची बरणी, आईच्या पट्ट्या, आजच्या नळ्या. मॅडम ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बरणीत ग्लुकोज आहे हे कधी कळलं?"

"नऊ दिवसांपूर्वी."

"आणि दोन रेघा वेगवेगळ्या वेळच्या आहेत, हे?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांनी ड्रॉवरमधून मसुदा काढला. पुढच्या सोमवारी तो पाठवायचा होता. त्यांनी तो फाडला नाही, नुसता उलटा करून ठेवला. "तुझ्यावर चिडू की तू आलीस म्हणून बरं म्हणू, मला आत्ता कळत नाहीये. आज घरी जा." दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, "उद्या ये मात्र." पुढे प्रबंध झाला, एक वर्ष उशिरा आणि फेलोशिपशिवाय, दुसऱ्याच एका प्रथिनावर. पहिल्याला त्यात एक ओळ मिळाली: हे काढून टाकल्याने फरक पडत नाही.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा उजेड होता. बाबा कधी नव्हे ते लवकर आले होते आणि दार उघडं ठेवून कॉटवर बसले होते. मी चपला काढत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"पिवळी झाली."

"किती तासांनी?"

"चौथ्या तासाला. अगदी पहिल्यासारखी."

"आणि दुसरी नळी?"

"तीही पिवळी. दोन्ही झाल्या."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "दोन्ही! ऐकलंस का गं?" ते आत ओरडले. "दोन्ही पिवळ्या झाल्या! मी म्हणत नव्हतो, ड्रम चोख आहे? चाळणीचाच घोळ होता." ते उठले, पुन्हा बसले, मग उठून स्वतःच पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. दहा दिवसांत त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं नव्हतं, आता बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. "मला वाटलं होतं, माझ्यामुळे तुझं सगळं गेलं. जेवण जात नव्हतं गं. आता झालं ना तुझं काम?"

मी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

"झालं, बाबा," मी म्हटलं. "तुमच्या बरणीमुळे झालं."

आलेखातली लबाडी मी त्या दिवशी मॅडमसमोर मागे घेतली होती. हे मात्र बाबा गेले तरी मागे घेतलं नाही.